स्ट्रीमर फ्लाय: घरची बांधणी आणि आपल्या पाण्यासाठी करायचे बदल

गळाच्या दांड्यावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेल्या आमिषाला फ्लाय म्हणतात. बऱ्याचशा फ्लाय पाण्यातल्या किंवा पाण्यावर पडणाऱ्या किड्यांची नक्कल असतात. स्ट्रीमर ही त्यातली मोठ्या अंगाची जात. लहान मासळी, झिंगे, जळवा, बेडकाची पिल्लं, म्हणजे जे पोहतं आणि जीव घेऊन पळतं, त्याची ही नक्कल. ती पाण्याखालून झटक्याझटक्याने ओढायची असते आणि तिच्यावर येतो तो शिकारी मासा. नागपूरच्या आसपासच्या तलावांत आणि कन्हान, वैनगंगेच्या पात्रात मरळ, शिंगाडा, शिवडा असे शिकारी मासे आहेत. त्यामुळे इथे फ्लायची काठी हातात घेणाऱ्याला सगळ्यात जास्त उपयोग स्ट्रीमरचाच होतो.

तयार मिळणारे स्ट्रीमर बहुतेक परदेशातल्या ट्राउट आणि बास माशांसाठी बांधलेले असतात. आपलं पाणी कोमट, पावसाळ्यात आणि नंतर काही काळ गढूळ, आणि काठाला जलपर्णी. त्याच फ्लायला थोडं कमी-जास्त वजन, वेगळा रंग आणि गवतात न अडकण्याची सोय लागते. हे बदल विकत मिळत नाहीत, पण बांधता यायला लागलं की अगदी सोपे आहेत. साहित्याचा मोठा भाग नागपूरच्या इतवारी, गांधीबाग आणि सीताबर्डीच्या दुकानांत मिळतो, फक्त कोणतं चालतं आणि कोणतं पाण्यात दगा देतं हे माहीत हवं.

चाल कशावरून ठरते

मासा स्ट्रीमरचे खवले मोजत बसत नाही. त्याला दिसते बाह्यरेषा आणि हालचाल, आणि अंगाच्या कडेने जाणाऱ्या संवेदनरेषेतून पाण्यातला धक्का कळतो. म्हणून चिकटवलेले सुंदर डोळे आणि सात रंग यांच्यापेक्षा तीन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: वजन दांड्यावर कुठे बसवलंय, केस किती दाट आहेत आणि मागचा भाग किती मऊ आहे.

वजन पुढे, नेढ्याजवळ असलं की ओढ थांबताक्षणी फ्लायचं डोकं खाली जातं आणि पुढच्या झटक्याला वर उठतं. ही वरखाली चाल जखमी मासळीसारखी दिसते. वजन दांड्याच्या मध्यावर असलं तर फ्लाय आडवी, सपाट बुडते. वजनच नसेल तर ती वरच्या थरात तरंगत राहते, जे उथळ आणि गवताळ पाण्यात हवंच असतं.

दाटपणाच्या बाबतीत नवशिक्या हमखास चुकतो. भरपूर केस बांधले की फ्लाय हातात छान गुबगुबीत दिसते, पण ते केस हवा धरून ठेवतात, फ्लाय लवकर बुडत नाही, आणि बुडाली तरी केस एकमेकांना टेकून ताठ राहतात, हलत नाहीत. भिजल्यावर काय उरतं ते पाहायचं असेल तर बांधणी चालू असतानाच जुडगा ओल्या बोटांनी खाली दाबा. माझ्या मते कोरडी असताना फ्लाय जरा केविलवाणी वाटली तर ती बहुधा बरोबर बांधली गेली आहे.

गळ

गळाच्या मापात आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. सुरुवातीला 8 नंबरचा आणि 4 नंबरचा, हे दोनच पुरेत. 8 नंबर लांब दांड्याचा घ्या, पाकिटावर '3 एक्स लाँग' लिहिलेलं असतं. म्हणजे गळ 8 नंबरचाच, पण दांडा त्याच्यापेक्षा तीन नंबर मोठ्या गळाएवढा. 4 नंबर साध्या दांड्याचा आणि सरळ नेढ्याचा चालतो.

गळाच्या दुकानांत आमिष लावायचे साधे गळ मिळतात. त्यातल्या दोन प्रकारांपासून लांब राहा. दांड्यावर छोटे काटे काढलेले गळ गांडूळ धरून ठेवायला उत्तम, पण ते बांधणीचा दोरा कापतात. आणि ज्यांचं टोक एका बाजूला वळवलेलं असतं त्यांवर बांधलेली फ्लाय ओढताना गरगर फिरते, लाईनला पीळ पडतो. हातात दुसरा गळच नसेल तर पक्कडीने हलकेच दाबून टोक दांड्याच्या रेषेत आणा. टोकाची धार तपासायला ते नखावर अलगद टेकवून सरकवा. घसरलं तर बारीक कानसेने धार लावा, नख खरवडून थांबलं तर गळ ठीक.

दोरा: जाळून बघायचा

फ्लाय बांधायचा खास दोरा 140 किंवा 210 डेनियरचा असतो (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप). तो नसेल तर शिलाईचा नेहमीचा दोरा घेऊ नका. जाड असल्याने डोकं फुगतं आणि नेढं बुजतं. त्याऐवजी एम्ब्रॉयडरी मशीनचा 120/2 डेनियरचा दोरा घ्या. दोन पदर मिळून तो 240 डेनियर होतो, स्ट्रीमरला चालण्याजोगा.

अडचण अशी की हा दोरा दोन जातींत येतो, पॉलिस्टर आणि व्हिस्कोस, आणि रिळावर दोन्ही सारखेच चमकतात. व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद बरीच घटते. कोरड्या टेबलावर घट्ट बसलेली फ्लाय पाण्यात सैल होते ती यामुळे. दुकानातून आणलेल्या दोऱ्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून त्याला काडी लावा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर व्हिस्कोस, तो शिवणकामालाच ठेवा. वितळून आखडला आणि टोकाला कडक काळी गुठळी झाली तर पॉलिस्टर. तुटण्याआधी हा दोरा किती ताण घेतो ते जुन्या गळावर दोनचारदा बघून घ्या. बांधताना त्या ताणाच्या थोडं अलीकडे हात ठेवायचा असतो आणि तो अंदाज बोटांनाच यावा लागतो. दोरा घसरत असेल तर त्यावरून मधमाशीचं मेण एकदा फिरवा.

वजन: शिसं नको, तांबं घ्या

जुनी पद्धत शिशाची तार गुंडाळायची. शिसं विषारी आहे आणि फ्लाय तुटून पाण्यात राहिली की तेही तिथेच राहतं. काही जण इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली सोल्डरची तार वापरतात. पण 60/40 सोल्डरमध्येही शिसं असतंच, आणि त्याची घनता 8.5 च्या आसपास म्हणजे तांब्याच्या 8.9 पेक्षा कमी! त्यामुळे मोटर वाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार सगळ्या बाजूंनी सरस आहे. 24 गेजची तार साधारण 0.56 मिमी जाड असते. 8 नंबरच्या दांड्यावर तिचे 12 वेढे घेतले तर साडेपाच सेंमी तार लागते, दांड्याचे सुमारे 7 मिमी व्यापले जातात आणि 0.12 ग्रॅम वजन वाढतं. वरून गुंडाळायला, पिसाचं संरक्षण म्हणून, 34 गेजची बारीक तारही तिथूनच घ्या. ती सुमारे 0.23 मिमी असते.

डोक्याला पितळी मणी घालायचा तर 8 नंबरला 3.2 मिमीचा बसतो, 6 नंबरला 4 मिमीचा. इतवारीत दागिन्यांच्या सामानात पितळी मणी मिळतात, पण त्यातले पुष्कळसे आतून पोकळ असतात. 10 मणी काट्यावर ठेवून पाहा. 3.2 मिमीचे भरीव असतील तर सव्वा ग्रॅमच्या आसपास भरतील, पोकळ असतील तर त्याहून बरेच कमी. टंगस्टनचा मणी त्याच आकारात पितळेच्या दुपटीहून जड असतो. तो मागवावा लागतो आणि खोल पाण्यासाठीच त्याचा खर्च परवडतो.

पिसं आणि केस

पिसांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. भारतीय कोंबड्यांच्या मानेची कातडी 'इंडियन नेक' या नावाने जगभरच्या फ्लाय बांधणाऱ्यांना माहीत आहे. महाग विलायती पिसं ताठ असतात, ती पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायसाठी. स्ट्रीमरला मऊ, पाणी शोषणारं पीस हवं आणि ते गावठी कोंबड्याच्या मानेवर, कमरेवर भरपूर असतं. ब्रॉयलरचं पीस घेऊ नका. पक्षी लहान वयात कापला जातो, पिसं आखूड आणि अपुरी वाढलेली असतात.

शेपटीसाठी मॅराबू, म्हणजे अगदी मऊ, भुसभुशीत पीस लागतं. सध्या बाजारातला मॅराबू टर्कीच्या पिसांचा असतो. गावठी कोंबडीच्या मांडीजवळची, पोटाखालची भुसभुशीत पिसं जवळपास तेच काम करतात. लांबी 3 सेंमीपर्यंत मिळते आणि 8 नंबरला ती पुरते.

आणलेली पिसं कोमट पाण्यात कपडे धुण्याच्या थोड्या पावडरने धुवा, दोनदा खळबळा, सावलीत वाळवा. मग हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, एक दिवस बाहेर काढा आणि पुन्हा आठवडाभर आत. पहिल्या फेरीत किडे मरतात, वाचलेली अंडी बाहेरच्या उबेत जागी होतात आणि दुसऱ्या फेरीत संपतात. ही पायरी टाळली तर एका पावसाळ्यात कसर सगळा साठा खाऊन टाकते.

लांब केसांसाठी परदेशी कृतींत बकटेल लिहिलेलं असतं, ती अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शेपटी. त्याला पर्याय म्हणून कुणी चितळाचे किंवा सांबराचे केस देऊ केले तर स्पष्ट नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार ते बाळगणं गुन्हा आहे. रानपक्ष्यांची पिसंही नकोत. बकरीचे लांब केस चांगला पर्याय आहे. बकटेल बुडाशी थोडं पोकळ असतं म्हणून दोऱ्याखाली फुलतं, बकरीचा केस फुलत नाही. फ्लाय थोडी सडसडीत होते आणि लवकर बुडते, एवढाच फरक.

दुसरा पर्याय म्हणजे सॉफ्ट टॉयचं लांब केसांचं फर कापड. गांधीबागेत मागा आणि 5 सेंमीहून लांब केसांचं बघा. जुडगा कापताना कात्री कापडाच्या अगदी तळाशी न्या. मग टोकं घट्ट धरून बुडाकडची लोकर जुन्या कंगव्याने विंचरून काढून टाका. ती राहिली तर बांधायच्या जागी गोळा होतो आणि मागचे केस हलत नाहीत. चमक आणायला जरीचे, मायलरचे पट्टे चालतात. रुंदी अर्ध्या मिमीच्या आसपास ठेवा आणि दोन्ही बाजूंना मिळून 4 ते 6 धागे, त्यापुढे नको.

रंगवणं

होळीच्या रंगांनी पिसं रंगवू नका, पहिल्याच भिजण्यात रंग उतरतो. पिसं, केस, लोकर ही प्रथिनं आहेत आणि त्यांना आम्लात बसणारे रंग पकडतात. स्वयंपाकातले बहुतेक कृत्रिम खाद्यरंग नेमके तसेच आहेत. 5 ग्रॅम पांढऱ्या पिसांना अर्धा लिटर पाणी, पाव चमचा पूड रंग आणि 2 मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घ्या. पिसं आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन ओलीच टाकायची, तेलकट राहिली तर डाग पडतात. पाणी गरम करा पण उकळू देऊ नका. तळाशी बारीक बुडबुडे दिसले की आच कमी. 15 ते 20 मिनिटांत पाणी फिकट होत जातं, म्हणजे रंग पिसांत गेला. पिवळ्यात निळ्याचा थेंब थेंब घालत गेलात तर हवा तो शेवाळी हिरवा मिळतो. हे भांडं मग स्वयंपाकाला वापरू नका.

काळा रंग खाद्यरंगांतून नीट साधत नाही. काळ्या गावठी कोंबड्याचीच पिसं शोधा. फर कापडावर ही पद्धत चालत नाही, कारण ते कृत्रिम धाग्याचं असतं. त्यावर पक्क्या शाईच्या मार्करने पट्टे ओढा.

पहिली फ्लाय: वूली बगर

सुरुवात हिच्यापासूनच करावी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग यांनी 1967 मध्ये बांधलेली ही फ्लाय झिंगा, जळू, बेडकाचं पिल्लू, लहान मासळी सगळ्यांच्या जागी खपते आणि चुका माफ करते.

गळ वाइसमध्ये, म्हणजे बांधताना गळ धरून ठेवणाऱ्या शिकंजात लावायच्या आधी पक्कडीने उलटा काटा दाबून सपाट करा. मणीही त्यामुळे सहज चढतो. खास वाइस नसेल तर टेबलाला बसणारी छोटी वाइस चालते, फक्त जबड्यात गळ हलता कामा नये. मणी टोकाकडून चढवून नेढ्याला टेकवा. त्यामागे तांब्याचे 12 वेढे घ्या आणि ते पुढे मण्याच्या भोकात सरकवा. मणी जागेवर बसतो. दोरा मण्यामागून सुरू करा, तारेवरून आडवातिडवा नेऊन बाकापर्यंत, म्हणजे गळ वळायला लागतो तिथपर्यंत या आणि फेविक्विकचा एक थेंब द्या. वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेवर इनॅमलचा लेप असतो, त्यामुळे ती गुळगुळीत असते. हा थेंब विसरलात तर पूर्ण फ्लाय दांड्याभोवती फिरते.

आता शेपटी. मॅराबूची टोकं ओल्या बोटांनी एकत्र करा आणि शेपटीची लांबी दांड्याएवढी, फार तर सव्वापट ठेवा. जास्त झाली तर कात्रीने कापू नका, नखाने खुडा. कापलेली कड पाण्यात बोथट दिसते आणि तितकीशी लहरत नाही. बुडाकडचा भाग पूर्ण दांड्यावर आडवा धरून मण्यापर्यंत बांधत न्या. तिथल्या तिथे छाटला तर शेपटीपाशी उंचवटा राहतो आणि वरचं अंग वेडंवाकडं बसतं. उन्हाळ्यात कूलरसमोर किंवा पंख्याखाली बसून हे काम होत नाही, मॅराबू खोलीभर होतो.

बाकापाशी 34 गेजची तार बांधून मागे लोंबती सोडा. तिथेच अंगाची लोकर बांधा. शेनीलची मऊ लोकर उत्तम, नाहीतर विणायच्या ॲक्रिलिक लोकरीचे दोन पदर. हस्तकलेच्या दुकानातल्या तारेच्या दांड्या घेऊ नका, त्या आतून कडक असतात. दोरा मण्यामागे आणा, लोकर जवळजवळ वेढ्यांनी पुढे गुंडाळा, बांधा, उरलेली कापा. मण्यामागे दीड-दोन मिमी जागा रिकामी सोडायचीच.

कोंबड्याचं एक पीस निवडा. त्याचे तंतू गळाचा दांडा आणि टोक यांच्यातल्या अंतराच्या दीडपट असावेत. पिसाची काडी मण्यामागे बांधा, तिथे दोन वेढे एकाच जागी घ्या, मग 5 ते 6 मोकळे वेढे मागे बाकाकडे न्या. बाकाशी पोचल्यावर लोंबत ठेवलेल्या तारेने पिसाचं टोक पकडा आणि तार पिसाच्या उलट दिशेने वेढे घेत पुढे आणा. या उलट्या वेढ्यांमुळे तार प्रत्येक ठिकाणी पिसाच्या काडीला छेदून जाते. मरळीच्या दातांनी काडी एका जागी तुटली तरी पीस उलगडत नाही. तार गुंडाळताना सुईने तंतू बाजूला करत जा, नाहीतर ते खाली दाबले जातात. तार कात्रीने कापू नका, वाकवत वाकवत तोडा. कात्रीची धारही वाचते.

शेवटची गाठ दोऱ्याचं टोक त्याच्याच 5 वेढ्यांखाली अडकवून आवळायची. अशी दोनदा. वर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब द्या. तो नेढ्यात शिरला तर वाळायच्या आधी एक पीस आरपार ओढा.

दुसरी: क्लाउझर मिनो

बॉब क्लाउझर यांनी 1987 मध्ये सस्केहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बाससाठी ही बसवली. हिचं डोकं डंबेलच्या आकाराच्या धातूच्या डोळ्यांचं असतं आणि डोळे दांड्याच्या वरच्या अंगाला बांधलेले असतात. वजन वर आलं की फ्लाय पाण्यात उलटी होते, गळाचं टोक आकाशाकडे जातं आणि तळाच्या दगडांत, काडीकचऱ्यात अडकणं खूप कमी होतं. नदीपात्रात शिंगाड्यासाठी तळाशी खेळवायची तर हीच.

4 नंबरचा गळ घ्या. नेढ्यापासून दांड्याच्या एक तृतीयांश अंतरावर दोऱ्याचा छोटा उंचवटा करा आणि त्याच्या पुढे डोळे आडवे ठेवा. इंग्रजी आठच्या आकाराचे 10-12 वेढे घ्या. मग एक काम करा जे पुष्कळजण विसरतात: डोळ्यांच्या खाली आणि दांड्याच्या वर, जमिनीला समांतर असे 6-7 वेढे घट्ट ओढा. या वेढ्यांनी आधीचे सगळे वेढे आवळले जातात. फेविक्विक द्या आणि बोटाने डोळे वळवून पाहा. हलले तर उलगडून पुन्हा बांधा, पुढे जाऊच नका.

पांढऱ्या केसांचा जुडगा घ्या, पिळून धरल्यावर 2 मिमीहून जाड नको. लांबी दांड्याच्या अडीच ते तीन पट, म्हणजे 6 सेंमीच्या आसपास. तो डोळ्यांच्याच बाजूला, डोळ्यांच्या पुढे बांधा, दोन डोळ्यांमधल्या खाचेतून मागे न्या आणि डोळ्यांमागे हलक्या 3-4 वेढ्यांनी दाबा. इथे जोर लावला तर केस उभे राहतात. आता गळ उलटा करून लावा. टोकाच्या बाजूला चमकीचे 6 धागे आणि त्यावर गडद केसांचा तसाच जुडगा, पण तो फक्त डोळ्यांच्या पुढे बांधायचा, मागे मोकळा. पाण्यात पांढरं पोट खाली, गडद पाठ वर आणि टोक केसांत लपलेलं.

तयार डोळे मिळाले नाहीत तर की-चेनची बॉल चेन पक्कडीने दोन-दोन मण्यांत तोडा. पोकळ असल्याने ती हलकी असते. मीटरभर पाण्याला हेच डोळे जास्त चांगले, आणि जड हवे असतील तेव्हा 1/36 ते 1/30 औंसाचे, म्हणजे 0.8 ते 0.95 ग्रॅमचे मागवा. जड क्लाउझर फेकताना लूप, म्हणजे हवेत लाईनची होणारी वळी, मोठा ठेवा, टोपी आणि चष्मा घाला. कानाला लागली तर ती गोळीसारखी लागते.

मरळीसाठी गवतरोधक

मरळ पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरते. हवेत श्वास घेणारा मासा असल्याने मधूनमधून वर येतेच. तिथे टाकलेला उघडा गळ पहिल्याच ओढीला जलपर्णीचं मूळ घेऊन येतो. उपाय नायलॉनच्या दोरीचा. बांधणीच्या अगदी सुरुवातीला 0.40 ते 0.45 मिमी जाड, ताठ नायलॉनचा 8 सेंमी तुकडा दांड्याच्या मागे बांधा आणि वेढे बाकाच्या अर्ध्यापर्यंत खाली उतरवा, म्हणजे नायलॉन खालच्या दिशेने निघेल. फ्लाय पूर्ण झाल्यावर ते टोकाच्या खालून पुढे आणून नेढ्यात खालून वर ओवा. कमान गळाच्या टोकापासून 3 मिमी खाली राहील इतकं ओढून डोक्यापाशी बांधा, टोक मागे दुमडून पुन्हा वेढे घ्या, कापा. कमान बोटाने दाबल्यावर सहज टोकापर्यंत यायला हवी. येत नसेल तर नायलॉन फार जाड आहे आणि मासा चावूनही गळ लागणार नाही. ही कमान वूली बगरला लावा. क्लाउझर उलटी पोहते, तिला गरज कमी.

गवतावरून सरकवायची असेल तर अंगात वजन घालू नका आणि पाठीवर 2 मिमी ईव्हीए फोमची 5 मिमी रुंद पट्टी बांधा.

कोणत्या पाण्याला काय बदलायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर मासा कशाने आला ते कळत नाही. गढूळ पाण्यात काळा किंवा जांभळट काळा, थोडं जाड अंग, कमी चमक. खालून बघणाऱ्या माशाला उजेडासमोर काळी आकृतीच सगळ्यात ठळक दिसते. हिवाळ्यात पाणी निवळलं की शेवाळी हिरवा, राखाडी-पांढरा, सडपातळ आणि एक नंबर लहान. हिरवट शेवाळलेल्या तलावात पिवळट हिरवा आणि काळा ही जोडी मला सगळ्यात भरवशाची वाटते. उन्हाळ्यात दुपारी मासा खोल जातो, तिथे वजनाने फरक पडतो, रंगाने फारसा नाही.

वेगवेगळ्या वजनांच्या फ्लाय बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून डोक्याच्या दोऱ्याचा रंग वजनाप्रमाणे ठेवा: बिनवजनी काळा, तांब्याची हिरवा, मणी आणि तार दोन्ही असलेली लाल. डबी उघडताच कळतं.

बांधलेली फ्लाय आधी कूलरच्या टाकीत किंवा टबात ओढून बघा. गरगर फिरत असेल तर केस एका बाजूला जास्त आहेत किंवा गळाचं टोक वाकडं आहे. शेपटी बाकाभोवती गुंडाळत असेल तर ती लांब झाली आहे. आखूड करायची नसेल तर तिच्याखाली बकरीच्या 8-10 ताठ केसांचा आधार बांधा. डोकं वर करून पोहत असेल तर वजन मागे गेलं आहे. केस निसटत असतील तर जुडगा जाड आहे, दोरा आतल्या केसांपर्यंत पोचतच नाही. दोन पातळ जुडगे वेगवेगळे बांधा. आणि नेढ्याजवळ जागा उरत नसेल तर पुढच्या वेळी नेढ्याच्या दुप्पट लांबीची जागा दोऱ्याने आधीच मोजून ठेवा, तिच्यात काहीच बांधायचं नाही.

लीडरला, म्हणजे लाईनच्या टोकाला जोडलेल्या पातळ दोरीला, फ्लाय घट्ट गाठीने बांधू नका, सुटा फासा राहील अशी लूप गाठ मारा. घट्ट गाठीने फ्लायची मान आखडते आणि पुढचं वजन फुकट जातं. मरळीसाठी लीडरचा शेवटचा हात 0.40 मिमीच्या खाली नको, दातांनी घासला जातो. प्रत्येक माशानंतर बोटाने चाचपून खरखरीत भाग कापून टाका. ओढ 15 ते 30 सेंमीची, मग दोन सेकंद थांबा. बहुतेक चावे या थांबण्यात येतात, म्हणून लाईन त्या वेळी सैल ठेवू नका.

तलावावर जाण्याआधी मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. बऱ्याच तलावांचा तो मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहात मासेमारीला बंदी आहे. पावसाळ्यात पाण्याच्या वरच्या थरात नारिंगी-लाल पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर त्याच्या आसपास फ्लाय टाकू नका. मरळीची जोडी त्याखाली राखण करत असते, ती पिल्लांच्या रक्षणासाठी काहीही चावते, आणि ती गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

घरी आल्यावर वापरलेल्या फ्लाय नळाखाली धुवा आणि डबीत घालण्याआधी थर्माकोलच्या तुकड्यावर टोचून रात्रभर वाळू द्या. ओल्या फ्लाय बंद डबीत राहिल्या तर गंज केसांच्या आत, दोऱ्याखाली चढतो. वरून फ्लाय चांगली दिसते आणि मोठ्या माशाच्या ओढीला गळ बाकापाशी तुटतो.